कडेचा मुलूख

पुसेगाव म्हटले की बहुतेकांना साताऱ्याचे पुसेगाव आठवते. सेवागिरी महाराजांची यात्रा, नोटांनी मढलेला रथ, बैलगाड्यांच्या शर्यती. दुसरे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. त्याच्या वाट्याला अशी कीर्ती आली नाही. पण १९३० च्या सुमारास या दुसऱ्या पुसेगावात जन्मलेल्या आणि आयुष्यभर गाव न सोडलेल्या माणसाचा पत्ता पाहा. जन्मला तेव्हा तो हैदराबादच्या निजामाची रयत होता. १९४८ मध्ये तो भारतातल्या हैदराबाद राज्याचा झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबईचा, १९६० मध्ये महाराष्ट्राचा. तोवर जिल्हा परभणी होता, १ मे १९९९ ला तो हिंगोली झाला. हिंगोली तालुक्यातून सेनगाव तालुका निघाला तो हिशेब वेगळाच. घर तेच, चूल तीच, शेताचा बांधही तोच. कागद मात्र बदलत राहिला.

असे का झाले, याचे उत्तर या मुलखाच्या जमिनीत आणि एका फौजेच्या पगारपत्रकात आहे. हा मुलूख कायम कुणाच्या तरी कडेला राहिला. सुभ्याची कड, संस्थानाची कड, जिल्ह्याची कड. कडेला राहणाऱ्याची दखल दोनदाच घेतली जाते, वसुलीच्या वेळी आणि बंडाच्या वेळी.

दोन उतारांचे पाणी

हिंगोलीचे डोंगर पाहायला कुणी मुद्दाम येत नाही. सह्याद्रीचे कडे इथे नाहीत, गडकोटांची रांग नाही. अजिंठ्याची डोंगररांग पूर्वेकडे येता येता खचत जाते, तिचे फाटे होतात, आणि त्यांतल्या एकाला भूगोलाच्या पुस्तकात 'हिंगोलीचे डोंगर' असे नाव मिळते. बसक्या टेकड्या, सपाट माथे, काळ्या दगडाचे थर. हिंगोली शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि भोवतालचे माळ त्याहून थोडे वर. उतारावर मुरमाड बरड, खोऱ्यात काळी. एकाच शेतकऱ्याचे एक शेत बरडावर आणि दुसरे काळीत असेल, तर पावसाने ओढ दिलेल्या वर्षी त्याच्या घरात दोन वेगवेगळ्या हंगामांची चर्चा चालते.

या टेकड्या उंचीने लहान, पण त्यांनी पाणी वाटून दिले आहे. उत्तरेच्या उतारावरचा थेंब कयाधूत किंवा थेट पैनगंगेत जातो. कयाधू रिसोड तालुक्यात उगम पावते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरीतून वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. नदीचे नावही मोठे वेधक: प्रल्हादाच्या आईचे, हिरण्यकशिपूच्या राणीचे. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगेची प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ कालेश्वरला प्राणहिता गोदावरीत जाते. दक्षिणेच्या उतारावरचा थेंब पूर्णेत उतरतो आणि पूर्णेतून थोड्याच अंतरावर गोदावरीत. एकाच टेकडीवर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब शेकडो कोस वेगळे चालून तेलंगणाच्या सीमेवर पुन्हा भेटतात. मधल्या काळात त्यांनी दोन वेगळ्या राजवटी पाहिलेल्या असत. ती गोष्ट पुढे येईलच.

माणसांनी या मुलखाला आधी तीर्थाच्या वाटेने ओळखले. परंपरा नामदेवांचे जन्मगाव म्हणून कयाधूकाठच्या नर्सीचे नाव घेते. जन्म १२७० चा. संतचरित्रांतल्या कथेप्रमाणे नामदेवांना गुरू भेटले तेही याच डोंगरात, औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितल्यावर नामदेवाला तशी जागाच सापडेना. नामदेव पुढे पंजाबात गेले, घुमानला राहिले, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आली. म्हणून पगडीधारी यात्रेकरू आजही या आडबाजूच्या नर्सीला येतात.

औंढ्याचे देऊळ नीट पाहिले तर इतिहास थरांनी दिसतो. खालचा भाग यादवकाळातला: देवदेवतांच्या, हत्तींच्या, सुरसुंदरींच्या मूर्तींनी भरलेले पट्टे. वरचा भाग नंतरचा, चुन्या-विटांचा, साधा. जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडले जाते. गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. आणि नंदी समोर नाही. नामदेवांना कीर्तनाला देवळामागे बसवले म्हणून देऊळच फिरले, अशी कथा भाविक सांगतात. कडेला बसवलेल्या माणसाकडे देवळाने तोंड केले ही कथा याच मुलखात रुजावी, यात नवल नाही.

बाराहट्टी

राजवटींनी मात्र या डोंगरांकडे तोंड केले ते वसुलीपुरते. अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या बाशीम सरकारात, म्हणजे आजच्या वाशीमच्या कारभारात, औंढा, नर्सी आणि कळमनुरी हे महाल येतात. पैनगंगा तेव्हा सरहद्द नव्हती, दोन्ही काठ एकाच दफ्तरात होते. अबुल फज्लने बाशीमच्या आसपास राहणाऱ्या हटकरांचीही नोंद केली आहे: मानी, सहजी न वाकणारे, हजार घोडेस्वार आणि पाच हजार पायदळ बाळगणारे. पातशाही दफ्तराने ज्यांना 'न वाकणारे' म्हटले, त्यांच्या घरात या शब्दाची लाज कुणाला वाटली नसेल.

हटकर हे धनगरांपैकी लढवय्ये. हिंगोलीभोवतालच्या मुलखाला 'बाराहट्टी' म्हणत आणि हटकर हे नाव त्यावरून आले, असे एक मत इंग्रज अमदानीतल्या जातिविषयक ग्रंथांत नोंदलेले आहे. मेंढरे राखायची आणि वेळ आली की भाला उचलायचा. डोंगरातल्या नाईकांनी घाट राखायचे, वाटसरूंना संरक्षण द्यायचे, गावांकडून आपला हक्क घ्यायचा. मुघल गेले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम दख्खनचा धनी झाला. वऱ्हाडात मराठ्यांचा चौथाईचा वाटा राहिला. वरचे धनी भांडत राहिले आणि नाईकांची सत्ता खाली डोंगरात मुरत गेली.

नोव्हा, जानेवारी १८१९

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांना आता दख्खनमध्ये मोठ्या फौजांची भीती उरली नव्हती, राहिले ते डोंगरातले धनी. पैनगंगेच्या खोऱ्यात अशा धन्यांमध्ये सर्वांत मोठे नाव नौसाजी नाईकांचे होते. हटकरांचा हा पुढारी निजामाला वर्षानुवर्षे जुमानत नव्हता. उमरखेडच्या बाजूला त्याची निजामाच्या फौजेशी लढत झाली आणि तो नांदेडच्या उत्तरेला नोव्हाच्या गढीत शिरला. तिथल्या शिबंदीत अरब लढवय्ये होते. पगारासाठी लढणारे, पण एकदा गढीत बसले की सहसा न हटणारे.

समोर आली ती निजामाच्या नावाची, पण इंग्रज अधिकाऱ्यांची फौज. तिची गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या विस्कळीत सैन्यातून कवायती पलटणी उभ्या केल्या. लोक तिला 'रसेल ब्रिगेड' म्हणत. हुकूम इंग्रजांचा, शिस्त इंग्रजांची, पगार निजामाच्या तिजोरीतून. पुढे हीच हैदराबाद कंटिन्जंट झाली. मेजर पिटमनच्या हाताखाली या फौजेने जानेवारी १८१९ मध्ये नोव्हाला वेढा घातला. खंदक पुढे सरकवत नेले, तोफा डागल्या, तट फोडला. ३१ जानेवारीला हल्ला झाला. गढीतले चारशेहून अधिक लोक मारले गेले. तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर बाराहट्टीचा शेवटचा मोठा आधार ढासळला. नौसाजी नाईकांना पकडून हैदराबादला नेले आणि तिथेच त्यांचा शेवट झाला.

मराठी वाचकाला उमाजी नाईक माहीत असतात, भिल्लांचे उठाव माहीत असतात. नौसाजींचे नाव शालेय पुस्तकात शोधूनही सापडणे कठीण. यातही कडेचाच न्याय आहे. पुण्यापासून, मुंबईपासून, नागपूरपासूनही जो लांब, त्याचा उठाव कोण लिहिणार?

छावणी

डोंगर जिंकला तो राखण्यासाठी फौज जवळ हवी. हिंगोली ही कंटिन्जंटच्या कायम छावण्यांपैकी एक झाली. दुसऱ्या औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर आणि हैदराबादजवळ बोलारम अशा. खोऱ्यातले एक सामान्य गाव पन्नासेक वर्षांत लष्करी शहर बनले.

त्या शहराचा नकाशा आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहे. हिंगोलीत उतरून विचारा: रिसाला बाजार कुठे, पलटण कुठे, तोफखाना कुठे, पेन्शनपुरा कुठे, सदर बाजार कुठे. घोडदळाचा रिसाला, पायदळाची पलटण, तोफांचा तोफखाना, नोकरी संपवून इथेच राहिलेल्या शिपायांचा पेन्शनपुरा, आणि साऱ्यांना पुरवठा करणारा सदर बाजार. फौजेची अख्खी रचना मोहल्ल्यांच्या नावांत शिल्लक आहे. सैन्याबरोबर उत्तर हिंदुस्थानातले शिपाई आले, दख्खनी बोलणारे स्वार आले, मारवाडी सावकार आले, कापडवाले, मोदी, भिश्ती, सुतार आले. हिंगोलीची आजची बोली मराठवाडी, वऱ्हाडी आणि दख्खनी यांची मिसळ आहे. तिची फोडणी त्या बाजारात पडली.

हिंगोलीचा दसराही त्याच काळातला. खाकीबाबा मठाने १८५५ मध्ये तो सुरू केल्याचे सांगतात. रामलीला, रावणदहन आणि महिना-पंधरवडा चालणारे प्रदर्शन अशी त्याची घडण आहे. मराठवाड्याच्या एका गावात रामलीलेची इतकी जुनी परंपरा कशी, याचे उत्तर मला तरी छावणीत राहिलेल्या उत्तरेकडच्या शिपायांत दिसते.

छावणीने शिस्त आणली असे समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. निजामाच्या नोकरीत असलेला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ठगांवर एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीच्या बाजाराविषयी जे सांगतो ते कादंबरीहून भयंकर आहे.

छावणीत हरिसिंग नावाचा कापडाचा व्यापारी होता. प्रतिष्ठित माणूस. अधिकारी त्याच्याकडून माल घेत. खुद्द टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केलेला. एकदा हरिसिंगाने भागाच्या कारभारावरच्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला, मुंबईहून कापड आणायचे आहे म्हणून. परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून येत होते, पण ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचे, जवळच्याच एका गावच्या. हरिसिंगाला त्याची वाट ठाऊक होती. त्याने आणि त्याच्या टोळीने तो व्यापारी, त्याची माणसे आणि बैलांचे हाकणारे सगळे वाटेत मारले, आणि सरकारी परवान्यावर तोच माल हिंगोलीला आणून उघड उघड विकला. पकडल्यावर त्याने हे स्वतःच सांगितले आणि त्यात त्याला मोठी गंमत वाटत होती.

पुढचे चित्र टेलरने डोळ्यांनी पाहिलेले. फुटलेले ठग माफीचे साक्षीदार बनून पुढे चालले आहेत, मागे अधिकारी. छावणीतून बाहेर पडणाऱ्या एका मुख्य वाटेला लागून नदीला मिळणारा कोरडा ओहोळ, खंदकापेक्षा रुंद नाही की खोल नाही. साक्षीदार थंडपणे बोट दाखवतात, इथे खणा. एका खड्ड्यात अनेक मुडदे. मग दुसरा खड्डा, मग तिसरा. पाहणाऱ्यांना इतकी शिसारी आली की पुढचे खणणे थांबवले. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर पावलांच्या आत खून झाले होते, आणि प्रेते पुरली होती ती पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे पावलांवर.

ज्या फौजेने बाराहट्टी जिंकली, तिच्या पहाऱ्याखाली हे चालले होते. नाईकांच्या काळी घाटातल्या वाटसरूला निदान कुणाला किती द्यायचे हे माहीत असे. छावणीच्या काळी वाट राखणारा कोण आणि मारणारा कोण, हेच कळेना. ठगांचा पुढे बंदोबस्त झाला हे खरे. पण तो होईपर्यंत कितीजण त्या ओहोळाकाठच्या मातीत गेले, त्यांची मोजदाद कुणाकडे नाही.

पगाराची बाकी

या फौजेचा खर्च वर्षाकाठी चाळीस लाखांच्या घरात होता. निजामाचा दिवाण चंदुलाल तो भागवण्यासाठी कर्जावर कर्ज काढत राहिला. सावकारी पेढ्यांचे व्याज वाढत गेले, जिल्हे वसुलीसाठी गहाण पडले. लढाई नसली तरी फौज कमी करायची नाही, कारण तिचे अधिकारी इंग्रज आणि त्यांच्या नोकऱ्या चैनीच्या. अखेर कंपनीनेच निजामाला पगारासाठी उसने द्यायला सुरुवात केली, आणि मग त्याच उसनवारीची मागणी केली. आपल्याच हुकमाखालची फौज, तिचा पगार दुसऱ्याने द्यायचा, आणि न दिला तर थकबाकीदारही तोच. गावच्या सावकारालाही असा व्यवहार सुचला नसता.

१८५३ पर्यंत ही बाकी चाळीस लाखांच्या वर गेली. गव्हर्नर जनरल डलहौसीने हिशेब मागितला. रोख नसेल तर मुलूख द्या. २१ मे १८५३ ला तह झाला आणि कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभारात गेले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र गेले ते गेलेच.

आता नकाशा पाहा. वाशीम, पुसद, उमरखेड वऱ्हाडात. हिंगोली, कळमनुरी, वसमत निजामाकडे. मध्ये पैनगंगा. ज्या नदीचे दोन्ही काठ अकबराच्या दफ्तरात एका सरकारात होते, ती एका रात्रीत दोन राज्यांची सरहद्द झाली. आणि ही सरहद्द ज्या फौजेच्या खर्चाने आखली गेली, त्या फौजेची एक छावणी सरहद्दीच्या अलीकडे, हिंगोलीतच होती. हिंगोलीच्या पलटणीच्या पगारासाठी हिंगोलीचे शेजारी तारण ठेवले गेले.

नदीच्या अल्याड, नदीच्या पल्याड

पुढची शंभर वर्षे पैनगंगेच्या दोन काठांवर दोन जगे वाढली. पल्याड कलदार रुपया, अल्याड निजामाचा हाली सिक्का. बाजाराला जाणारा माणूस भाव विचारण्याआधी नाणे कोणते ते विचारायचा. माल नदी ओलांडताना करोडगिरीचे नाके, म्हणजे निजामाची जकात. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे कनेरगाव आजही आपल्या नावात 'नाका' वागवते. पल्याड शाळा-कोर्टात मराठी आणि इंग्रजी, अल्याड कचेरीत उर्दू. शिकायची हौस असलेले पोर नदी ओलांडून वाशीम-अकोल्याला जायचे. सोयरीक मात्र कुणी थांबवली नाही. लग्नाचे वऱ्हाड हद्द ओलांडायचे तेव्हा नवरदेवाला नाकेदाराच्याही पाया पडावे लागत असेल, असा विनोद कुणी केला असेल तर तो समजण्यासारखा आहे.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजाम महबूब अली खानाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात. आता स्वतंत्र कंटिन्जंटची गरज उरली नाही. १९०३ मध्ये ती हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. फौज गेली, तिच्यासाठी गेलेला मुलूख परत आला नाही. शहराने मग कापसावर तग धरला. १९१२ च्या सुमारास पूर्ण्याहून मीटरगेज गाडी आली आणि हिंगोलीचा कापूस दूर जाऊ लागला. पण रूळ हिंगोलीपाशी थांबले. नदीपलीकडे अकोल्याशी जोडणी व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. सरहद्द किती पक्की होती ते रुळांवरूनही कळते.

मात्र इंग्रजांनी आखलेली ही सरहद्द शेवटी निजामाच्याच अंगावर आली. १९४७ मध्ये पल्याडचा काठ स्वतंत्र झाला, अल्याडचा रझाकारांच्या टाचेखाली राहिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या मुक्तिसंग्रामाला मग सरहद्दीचाच आधार झाला. उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. रात्री नदी ओलांडून यायचे, नाका जाळायचा, कचेरीवर छापा घालायचा आणि उजाडायच्या आत परतायचे. डोंगरांनी नौसाजींना लपवले होते, तसे यांनाही लपवले. या लढ्यातले हुतात्मे बहिर्जी शिंदे यांचे नाव वसमतच्या महाविद्यालयाने जपले आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

पण सरकारी सरहद्द लगेच गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले, तेव्हा कुठे १८५३ ची ती रेघ पुसली. एका पगारपत्रकाने आखलेली रेघ पुसायला १०३ वर्षे लागली.

जिल्हा

मराठवाडा आला, महाराष्ट्र झाला, तरी हिंगोली परभणीची कड राहिली. डोंगरातल्या शेतकऱ्याला फेरफाराच्या, जमिनीच्या दाव्याच्या, पोराच्या दाखल्याच्या कामासाठी परभणीचे हेलपाटे. याच काळात पूर्णा प्रकल्प झाला. येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणे १९६८ च्या सुमारास पुरी झाली. येलदरी जिंतूर तालुक्यात, सिद्धेश्वर औंढ्यात. पूर्णेवर, डोंगराच्या पोटात, भिंत उभी राहिली. कालवे निघाले ते खाली, वसमतच्या काळीत, परभणी-नांदेडच्या सपाटीत. वसमत हिरवे झाले. उत्तरेला पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले, त्याचेही कालवे खालच्या अंगाला गेले. यात कुणाचा कावा होता असे नाही. पाणी उताराकडेच जाते. पण धरणाची भिंत ज्या डोंगरात, त्या डोंगरातला माणूस जानेवारीनंतर टँकरची वाट पाहतो, हेही तितकेच खरे.

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, गोंदियाच्या बरोबरीने. त्याआधीच्या वर्षी वाशीम झाला होता. पैनगंगेच्या दोन काठांवर दहा महिन्यांच्या अंतराने दोन नवे जिल्हे उभे राहिले. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५, आणि शंभरातले पंच्याऐंशी जण खेड्यात. कळमनुरीच्या डोंगरात आंध आदिवासींची गावे, माळावर बंजाऱ्यांचे तांडे. सेनगाव तालुक्यातल्या कडोळीत १९१६ मध्ये जन्मलेले नानाजी देशमुख २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न झाले. त्यांचे कर्तृत्व मात्र उत्तर प्रदेशात आणि चित्रकूटला फुलले. इथल्या हुशार पोरांची वाट आजही बाहेरच जाते.

जिल्हा झाल्याने काय झाले ते हळदीच्या बाजारात दिसते. मार्च-एप्रिलमध्ये वसमत किंवा हिंगोलीच्या यार्डात जाऊन पाहा. पोत्यांच्या थप्प्या, ओतलेल्या हळकुंडांचे ढीग, हमाल, व्यापारी आणि शेतकरी तिघांचे कपडे एकाच रंगाचे. हळद म्हणजे नऊ महिन्यांचा धीर. बेणे लावायचे, काढायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून चकाकी आणायची. कापसाने जे हिंगोलीला शंभर वर्षांपूर्वी दिले, ते आज हळदीने दिले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अर्थात हळद पाण्याची धनीण आहे. बरडावर ती होत नाही. वसमतच्या कालव्याखालचा आणि सेनगावच्या डोंगरातला शेतकरी यांच्यातले अंतर हळदीने वाढवलेच आहे.

कडेला असण्याचा एक फायदा मात्र उशिरा कळला. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा उभी राहणार आहे. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये २६०० कोटींच्या या कामाला मंजुरी दिली. गर्दीपासून, मोठ्या रहदारीपासून, समुद्रापासून लांब, शांत जमीन हवी होती. शेकडो वर्षे ज्या आडबाजूपणाने मुलखाला मागे ठेवले, तोच या वेळी गुण ठरला. मात्र ही शांत जमीनही हलते: २०२४ मध्ये २१ मार्च आणि १० जुलै या दिवशी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. जमिनीखालून गडगडाट ऐकू येतो, हे वसमत-कळमनुरीची गावे काही वर्षे सांगतच होती. त्यांचे म्हणणे यंत्रांवर उमटले तेव्हा बातमी झाली.

मुद्दा तोच आहे. या मुलखाचा हिशेब दोनशे वर्षे दुसऱ्यांनी ठेवला: चंदुलालने, रेसिडेंटने, डलहौसीने, परभणीच्या कचेरीने. १९९९ पासून वही हिंगोलीच्या हातात आहे. शाळा, रस्ते, दवाखाना, बाजार असे बरेच रकाने तिच्यात भरले गेले. पण पुसेगाव-सेनगावच्या आणि औंढ्याच्या डोंगरावर पडलेल्या पावसातले किती पाणी त्याच डोंगरातल्या शेताला मिळाले, हा रकाना पाहा. तिथे अजून बाकीच दिसते.